कॅन्टीनचा वडा घरी का जमत नाही?

मंडळी, कॉलेज सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेली माणसं भेटली की वर्गाच्या आधी कॅन्टीन निघतं. फर्ग्युसन रस्त्यावर शिकलेला 'वैशाली'ची एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी) आणि 'गुडलक'चा बनमस्का काढतो, कोल्हापूरचा मिसळीवर येतो, मुंबईचा वडापाववर. मग कुणीतरी हळहळतं, "घरी करून बघितला, पण ती चव नाही." वय गेलं, चव गेली, असं म्हणून हे सोडून देऊ नका. त्या चवीचा बराचसा भाग कृतीत आहे आणि कृती परत करता येते. आज फक्त बटाटेवडा घेऊ, कारण घराघरांत सगळ्यात जास्त तोच फसतो.

सुरुवात बटाट्यापासून. जुना, कोरडा बटाटा घ्या. नव्या बटाट्यात पाणी जास्त, त्याची भाजी ओलसर होते. अमेरिकेत असाल तर रसेट घ्या. लाल सालीचा तिथला बटाटा चिकट होतो. एक किलो बटाटे सालासकट उकडा, पाणी लगेच काढून टाका आणि पूर्ण गार होऊ द्या. मग हातानं फोडा. किसणीवर किंवा मिक्सरमध्ये गेला की स्टार्च सुटतो आणि सारण गोंदासारखं होतं. कॅन्टीनच्या वड्यात बटाट्याचे बारीक खडे लागतात, ते मुद्दाम ठेवलेले असतात.

एक किलोला 12 ते 15 हिरव्या मिरच्या, 20 लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं, हे खलबत्त्यात जाडसर कुटा. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग हा ठेचा, शेवटी हळद. ठेच्याचा कच्चा वास जाईपर्यंतच परता. लसूण लाल झाला तर कडसर लागतो. बटाटा, मीठ, भरपूर कोथिंबीर, गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. सारण गार झाल्यावरच गोळे वळा. गरम गोळा तेलात गेला की आतली वाफ आवरण फोडते. 60 ग्रॅमचा गोळा धरला तर पंधरा-सोळा वडे होतात.

आता पीठ. 250 ग्रॅम बेसन, मीठ, हळद, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. पाणी साधारण 275 मिली लागतं, पण एकदम ओतू नका, बेसनाप्रमाणे कमी-जास्त होतं. बोट बुडवून वर काढलं की बोटाचा रंग दिसता कामा नये. पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि सोडा तळायच्या क्षणी घाला, चिमूटभरच. जास्त झाला तर हळद त्याच्याशी मिळून तांबूस डाग पडतात आणि वडा तेल पितो.

आणि आता खरी गोम. कॅन्टीनच्या कढईत चार-पाच लिटर तेल असतं. दहा वडे सोडले तरी ते फारसं थंड होत नाही. घरी अर्ध्या लिटरमध्ये सहा वडे टाकले की तेल एकदम उतरतं, आवरण घट्ट व्हायच्या आत तेल शोषलं जातं. म्हणून घरी किमान लिटरभर तेल घ्या आणि तीनच वडे सोडा. तापमान 175 अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: लगेच वर आला पाहिजे, पण लगेच तांबडा होता कामा नये. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्या. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

उरलेल्या पिठाचे थेंब तेलात शिंपडा. हा चुरा कुरकुरीत तळून कोरड्या लसूण चटणीत चुरडायचा. एक वाटी सुकं खोबरं मंद आचेवर बदामी, 15 लसूण पाकळ्या किंचित तेलावर परतून, दोन चमचे लाल तिखट, मीठ. चुऱ्याशिवाय ही चटणी घरची लागते, चुऱ्यासकट गाडीवरची. तळणीच्या मिरच्यांना आधी उभी चीर द्या, नाहीतर तेलात फुटतात. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले, आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून. तरी या वड्याइतकं आपलं दुसरं काय आहे!

पुण्यात याच वड्यावर सँपल, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, ओततात. त्याची तर्री वर येत नाही ही तक्रार फार. चार जणांना चार मोठे चमचे तेल. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग आच अगदी बारीक करून दोन चमचे लाल तिखट. मोठ्या आचेवर तिखट करपतं, रंग काळपट होतो. वर लिटरभर पाणी, तेही उकळतंच, आणि दहा मिनिटं मंद उकळी. खळखळ उकळलं की तेल रश्शात मिसळून जातं आणि लाल थर मोडतो.

सोबतच्या कटिंग चहाचंही एवढंच. आलं पाण्यातच उकळा, दूध नंतर. कच्च्या आल्यातलं एक विकर दुधातल्या प्रथिनांवर काम करतं आणि दूध फाटतं. पाण्यात दोन-तीन मिनिटं नीट उकळलं की ती भीती राहत नाही.