साखर की उंची?

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना ‘आजारावर मात करून’ असे शब्द आले. आयोजकांचा मान राखून सांगतो, मी मात-बित काही केलेली नाही. टाइप वन मधुमेह मला अकराव्या वर्षी झाला, आज मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि अर्ध्या तासापूर्वी बटाटेवडा खायच्या आधी बाहेर जिन्यात उभा राहून पोटात इन्सुलिन टोचून आलोय. हे रोज चार वेळा चालतं. नेपाळमध्येही चाललं. आज त्याचीच गोष्ट सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मी खिंड ओलांडत नाही.

अन्नपूर्णा सर्किट हा नेपाळमधला ट्रेक इथल्या काही जणांनी केलाय. बेसीशहरहून निघायचं, मर्स्यांगदी नदीच्या काठाने चामे, पिसांग करत मनांगला पोहोचायचं, मग ५४१६ मीटरवरची थोरोंग ला खिंड, पलीकडे मुक्तिनाथ. आम्ही दोघंच मित्र, पोर्टर नाही. औषधांची वाटणी केली होती: इन्सुलिनची पेनं, सुया, रक्तातली साखर मोजायचे दोन ग्लुकोमीटर, त्यांच्या स्ट्रिपा, अर्धं माझ्या सॅकमध्ये, अर्धं त्याच्या. एक सॅक दरीत गेली तरी दुसरी राहावी म्हणून. आईने वर दोन किलो चिक्की कोंबली. चिक्की चालताना उत्तम, पण शुगर लो झाली की बिनकामाची. दाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा चढते. त्या वेळी नुसतं ग्लुकोजच लागतं. हे आईला तीस वर्षं सांगतोय.

इन्सुलिनला उष्णता सोसत नाही म्हणून आपण ते फ्रीजच्या दारात ठेवतो. मनांगच्या वर भीती उलटी. गोठलं की ते वाया गेलं. वितळल्यावर दिसायला पुष्कळदा पहिल्यासारखंच दिसतं, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पेनं दिवसा बनियनच्या आत, आईनेच शिवलेल्या चंचीत, आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये माझ्या कुशीत. ग्लुकोमीटरचं तेच. दहा अंशांच्या खाली बरेचसे मीटर आकडाच देत नाहीत, एरर दाखवून मोकळे होतात. मग मीटर काखेत धरून बसायचं. मीटर उबदार झाला की बोट गारठलेलं असतं, टोचलं तरी थेंब निघत नाही. एका आकड्यासाठी कधी कधी वीस मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ मित्र काही न बोलता उभा असे. पहिल्या आठवड्यात.

जेवणाचं गणित आणखी अवघड. लॉजवरच्या दालभाताला तिथे हवा तितका भात वाढतात, दिदी डाव घेऊन उभीच असते. मला मात्र जेवायच्या आधी ठरवावं लागतं, आज किती भात, म्हणजे किती युनिट. खाली ते जमलं. वर गेल्यावर भूकच मेली. ताटभर भाताचं इन्सुलिन टोचून घेतलंय आणि चार घासांनंतर मळमळतंय, ही अवस्था फार वाईट, कारण मग शुगर घसरते. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी याचा तोडगा सांगितला होता, की भूक गेली तर आधी खा, मग खाल्लं तेवढ्याचं टोच.

मनांगला, ३५४० मीटरवर, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्यकेंद्र आहे. ही संस्था १९७३ पासूनची. हंगामात तिथे स्वयंसेवक डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपला सगळा सह्याद्री त्या गावाच्या खालीच राहतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की दम म्हणजेच ताकद. पण उंचीला दमाशी देणंघेणं नाही, तिला दिवस द्यावे लागतात. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. त्रास होत असताना वर जायचं नाही. वाढला तर खाली यायचं. आणि वर बरं वाटत नसेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच असं धरायचं.

तिथे मी हात वर केला. म्हटलं, दुसरं कारण मी सोबतच घेऊन फिरतोय, माझं काय? कारण बघा, डोकं दुखणं, थकवा, मळमळ, गोंधळ उडणं ही लक्षणं उंचीची, आणि शुगर लो झाल्याचीही. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी घ्यावी, तर तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. मधुमेह बिघडल्याचीही हीच चिन्हं, त्यामुळे मधुमेह्याच्या मनात या दोन्ही गोष्टींनी धडकी भरते. शिवाय ती गोळी रक्तातलं आम्ल वाढवते, म्हणून आमच्यासारख्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं: आधी तपासा. शुगर कमी असेल तर ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ठीक झाला आणि डोकं तसंच दुखतंय, तर ती उंची आहे.

चार दिवसांनी, खिंडीखालच्या हाय कॅम्पवर, रात्री दोनला जाग आली. डोकं ठणकत होतं. मीटर एरर, परत एरर, तिसऱ्यांदा ६४. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! साखरच आहे तर. ग्लुकोज खाल्लं, घड्याळ लावलं. ११८. डोकं तसंच. मग बाहेर जाऊन ओकलो.

चारला सगळे हेडलॅम्प लावून खिंडीकडे निघाले. दिव्यांची माळ वर सरकत होती आणि आम्ही दोघं खाली उतरत होतो. लॉजवाल्या दाजूंनी गरम पाण्याचा थर्मास भरून दिला, पैसे घेतले नाहीत. मित्र मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याची रजा, त्याचा खर्च, त्याची खिंड. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. दुपारी खालच्या याक खर्क या मुक्कामाला पोहोचलो तोवर डोकं उतरलं होतं, भूक लागली होती, म्हणजे उंचीच होती ती.

तेव्हा मधुमेहामुळे परतलो असं कृपया समजू नका. ऑस्ट्रियाचा गेरी विंकलर, त्यालाही टाइप वन, २००६ साली मृत समुद्राच्या काठावरून सायकलने निघाला आणि एव्हरेस्टचा माथा गाठला.

आईला मुक्तिनाथचं तीर्थ हवं होतं, म्हणून आम्ही उलटं फिरून पोखऱ्याहून बसने तिथे गेलो. एकशे आठ धारांखाली आपल्याकडचीच यात्रा चालली होती. पायरीवर एक काका डोकं धरून बसले होते. आदल्या दिवशी पोखऱ्याला, सव्वाआठशे मीटरवर होते, आज ३७०० च्या वर.

‘‘पित्त आहे हो, काल रात्रीची बटाट्याची भाजी,’’ काकू म्हणाल्या.

‘‘काकू, भाजी तुम्हीपण खाल्लीत ना?’’

त्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘बस खाली किती वाजता जाते?’’

मित्र तिकिटाची चौकशी करायला गेला. काकूंनी माझ्या हातावर प्रसादाचे खडीसाखरेचे खडे ठेवले, आणि मी सवयीने मीटर काखेत धरला.