हाक मारण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखाना असो, बँक असो की समुपदेशन केंद्र, तिथली माणसं स्वभावाने चांगली असली की झालं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीचा पाणउतारा करायला वाईट माणूस लागतोच असं नाही. एक छापील फॉर्म आणि घाईत मारलेली हाक पुरते.

रांगेत माणसं बसलीत. काउंटरवरून कार्डावरचं पुरुषाचं नाव पुकारलं जातं आणि एक बाई उठते. सगळ्यांच्या माना वळतात. कर्मचाऱ्याने नियमानेच काम केलं, पण तिची खासगी गोष्ट चारचौघांत उघडी पडली. पुढच्या तपासणीला ती येईलच, याचा भरवसा नाही. खरं तर टोकनच्या क्रमांकाने किंवा नुसत्या आडनावाने बोलावता आलं असतं. फॉर्मवर कागदपत्रांतलं नाव आणि हाक मारायचं नाव असे दोन रकाने ठेवायला कितीसा खर्च येतो?

म्हणून कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात व्याख्यान कमी आणि सराव जास्त हवा. ‘आपल्याला काय म्हणून हाक मारू?’ हे वाक्य मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणायला लावावं, कारण पहिल्या खेपेला जीभ अडखळतेच. आपली भाषा इथे बरीच मदत करते. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘यांना आत पाठवा’ यांत बाई की पुरुष हे ठरवावंच लागत नाही. गाडं अडतं ते ‘सर’ आणि ‘मॅडम’पाशी. तिथे अंदाज बांधू नये, विचारावं. चुकलंच तर ‘माफ करा’ म्हणून दुरुस्ती करावी आणि कामाला लागावं. फार वेळ माफी मागत बसलं की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

प्रश्न विचारताना एवढंच पाहावं, की या उत्तराची आजच्या कामाला गरज आहे का. हात मोडून आलेल्या ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाला, ‘तुमची ती शस्त्रक्रिया झाली का?’ हे कशाला विचारायचं? मात्र त्याच्या शरीरात गर्भाशयमुख असेल, तर तिथल्या कर्करोगाची तपासणी त्यालाही लागते. ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेटचा त्रास होऊ शकतो. संगणकात नुसतं ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ एवढंच नोंदलं, तर तपासणीची आठवण करून देणारा संदेशच जात नाही. दवाखान्यात अवयवांची वेगळी नोंद हवी ती यासाठी.

जुन्या पुस्तकांवर शिकलेल्यांना आणखी एक सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या तिच्याच आजारांच्या वर्गीकरणात ट्रान्स असणं मानसिक विकारांत मोडत नाही. तेव्हा समलिंगी किंवा ट्रान्स माणसाला ‘बदलून देतो’ म्हणणारा समुपदेशक शास्त्राला सोडून बोलतोय. आणि हो, घरचा फोन नंबर दिलाय म्हणजे घरच्यांना सगळं ठाऊक आहे असं नव्हे. फोनवर निरोप ठेवण्याआधी विचारून घ्यावं.

सुरुवात दारावरच्या सुरक्षारक्षकापासून करावी. स्वच्छतागृह कुठे, हे पहिल्यांदा त्यालाच विचारलं जातं. शिकवायला समलिंगी आणि ट्रान्सजेंडर समाजातलीच माणसं बोलवावीत, मानधन देऊन. आणि त्यांच्या शरीराविषयी, खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारायचे नाहीत, हे वर्ग सुरू होण्याआधीच सांगून ठेवावं.