एका नो-बॉलचा गुन्हा

[पडद्यावर : गोलंदाजाचा पुढचा पाय आणि क्रीजची पांढरी रेघ, संथ गतीत]

ऑगस्ट 2010. लॉर्ड्सचं मैदान, इंग्लंड विरुद्ध पाकिस्तान, चौथी कसोटी. मोहम्मद आमिरचा पाय रेघेच्या बराच पुढे पडतो. पंच हात आडवा करतात. इंग्लंडच्या खात्यात एक धाव जमा होते आणि खेळ पुढे सरकतो.

कसोटीत नो-बॉल पडतच असतात. हा मात्र आदल्या रात्रीच ठरला होता. कोण टाकणार, कितव्या षटकात, कितवा चेंडू, सगळं. वेश बदलून गेलेल्या एका बातमीदाराने मझहर मजीद या एजंटला दीड लाख पौंड दिले होते आणि नोटांच्या गड्ड्यांसकट सगळं छुप्या कॅमेऱ्यात टिपलं होतं. त्या सामन्यात असे ठरवलेले तीन नो-बॉल पडले : दोन आमिरचे, एक मोहम्मद आसिफचा. निकालाशी त्यांचा संबंध नव्हता, यालाच स्पॉट-फिक्सिंग म्हणतात. ते तीन चेंडू म्हणजे वानगी होती. खेळाडू आपल्या मुठीत आहेत, हे गिऱ्हाइकाला पटवून देण्यासाठी.

आता हा गुन्हा कायद्याच्या भाषेत मांडून बघा. सामना हरवला नाही. कुणाच्या खिशातून पैसे काढले नाहीत. मग फसलं कोण?

इंग्लंडच्या कायद्यात याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. 2005 च्या गॅम्बलिंग ॲक्टचं कलम 42 सांगतं की जुगारात लबाडी करणं हाच गुन्हा. त्या लबाडीने कुणी जिंकलं का, जिंकण्याची शक्यता वाढली का, हे बघायची गरजच नाही. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. जोडीला लाच घेण्याच्या कटाचं कलम लागलं, ते जास्त जड. नोव्हेंबर 2011 मध्ये लंडनच्या न्यायालयाने पाकिस्तानचा कर्णधार सलमान बटला 30 महिने, आसिफला 12, आमिरला 6 महिने आणि मजीदला दोन वर्षं आठ महिने कैद सुनावली.

[पडद्यावर : भारतीय दंड संहितेचं पान, कलम 420]

भारतात असं कलम नव्हतं. आजही नाही. इथे पोलिसांच्या हाताशी असतं ते फसवणुकीचं कलम, जुनं 420, आता भारतीय न्याय संहितेतलं 318. या कलमाच्या तीन पायऱ्या आहेत. आधी कुणीतरी खोटं भासवलं पाहिजे. त्या भुलीमुळे दुसऱ्याने काही दिलं पाहिजे. आणि जे दिलं, ती मालमत्ता असली पाहिजे. मॅच-फिक्सिंग दुसऱ्या पायरीवरच अडखळतं. 2019 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या फिक्सिंगचा गुन्हा नोंदवला गेला. जानेवारी 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फसवणुकीचं कलम टिकणार नाही असं सांगून खटला रद्द केला. प्रेक्षकाला फसल्यासारखं वाटेल, पण तिकीट त्याने स्वतःहून काढलं, खेळाडूने त्याला ते काढायला लावलं नाही, असा तो तर्क. ही बेशिस्त आहे, कारवाई क्रिकेट मंडळाने करावी, असंही न्यायालयाने म्हटलं. तर्क बोचतो खरा, पण कलमाचे शब्द वाचले तर न्यायालयाला दोष देणं अवघड आहे.

दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएच्या प्रकरणातही हेच कलम आहे. एप्रिल 2000 मध्ये दिल्ली पोलिसांनी त्याचं आणि बुकी संजीव चावलाचं फोनवरचं संभाषण उघड केलं. क्रोनिएवर आजन्म बंदी आली, 2002 मध्ये विमान अपघातात तो गेलाही. चावला ब्रिटनमधून भारताच्या ताब्यात आला तो फेब्रुवारी 2020 मध्ये. मधे वीस वर्षं गेली. आरोप तोच : फसवणूक आणि कट.

2013 मध्ये दिल्ली पोलिसांनी दुसरी वाट धरली. आयपीएलमधल्या तीन खेळाडूंना अटक झाली आणि लावला गेला चक्क मोक्का, म्हणजे महाराष्ट्राने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध केलेला कायदा, जो पुढे दिल्लीलाही लागू झाला. मोक्काचा मोह समजण्यासारखा आहे. फोन टॅपिंग पुरावा म्हणून चालतं, बड्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरला जातो, जामीन सहजी मिळत नाही. पण त्याची अटही तशीच कडक. मागच्या दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रं हवीत आणि आरोपीचा टोळीशी धागा दिसला पाहिजे. जुलै 2015 मध्ये न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून खेळाडूंना आरोपमुक्त केलं. कुलूप एकीकडचं, किल्ली दुसरीकडची.

[पडद्यावर : मोबाइलच्या पडद्यावर बदलत जाणारे आकडे]

फिक्सिंग चालतं कसं, हे एका ‘सेशन’वरून कळतं. सेशन म्हणजे ठरावीक षटकांमधल्या धावांवरचा सट्टा. समजा बुकीने पहिल्या सहा षटकांचा भाव काढला, 46-47. धावा कमी होतील म्हणणारा 46 वर खेळतो, जास्त होतील म्हणणारा 47 वर. एका गोलंदाजाने एका षटकात चौदा-पंधरा धावा द्यायच्या कबूल केल्या, की आकडा वर ढकलता येतो. पण पैसा त्या षटकाच्या आधी बाजारात उतरायला हवा, म्हणून इशारा लागतो. मनगटावरचं घड्याळ बदलणं, रनअप घेताना मधेच थांबणं, बॅटची ग्रिप बदलून घेणं, असं कॅमेऱ्यात सहज दिसेल आणि कुणाला खटकणार नाही असं काहीही.

आणि तरी डाव फसतो. लेग स्टंपबाहेर मुद्दाम टाकलेला फुलटॉस फलंदाज सरळ सीमारेषेवरच्या हातात देतो. विकेट पडते, नवा फलंदाज चार चेंडू नुसते अडवतो. म्हणून एक खेळाडू पुरत नाही, दोन-तीन लागतात. म्हणूनच लहान लीगवर डोळा असतो, जिथे सामना कुठेतरी ऑनलाइन दिसतो आणि खेळाडूंचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं असतं.

कायद्याचा हात पोचत नाही तिथे उरते ती खेळाची स्वतःची संहिता. आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, भ्रष्टाचारविरोधी संहितेत फिक्सिंगला किमान पाच वर्षं बंदी, कमाल आजन्म. पण सगळ्यात कामाचा नियम तो नाहीच. तो आहे कलम 2.4.4 : कुणी गळ टाकला तर विनाविलंब कळवा. नाही म्हणालात, एक पैसा घेतला नाहीत, तरीही न कळवणं हा गुन्हा. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित, ती एवढ्याचसाठी. फिक्सिंगचा आरोप त्याच्यावर नव्हताच.

नियम इतका कठोर का, हे झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरकडे पाहिलं की उमगतं. त्याने स्वतःच जाहीर केलेली हकीकत अशी. 2019 मध्ये एका व्यावसायिकाने प्रायोजकत्व आणि नव्या टी-20 स्पर्धेबद्दल बोलायला त्याला भारतात बोलावलं, येण्याचे पंधरा हजार डॉलर देऊ केले. बोर्डाने सहा महिने पगार दिला नव्हता, तो आला. शेवटच्या रात्री मेजवानीत कोकेन पुढे आलं, त्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत सहा माणसं उभी, त्यांच्या हातात त्याचा कोकेन घेतानाचा व्हिडिओ. स्पॉट-फिक्सिंग कर, नाहीतर हा सगळीकडे जाईल. ते पंधरा हजार आता आगाऊ रक्कम ठरले, काम झाल्यावर आणखी वीस हजार. कळवायला त्याने चार महिने लावले. जानेवारी 2022 मध्ये साडेतीन वर्षांची बंदी आली. आपण एकही सामना फिक्स केला नाही, असं त्याचं म्हणणं.

संहितेला कोर्टाइतका ठोस पुरावा लागत नाही. ‘संशयातीत’च्या खाली आणि ‘बहुधा असेल’च्या वर कुठेतरी न्यायमंडळाचं समाधान झालं की पुरे. सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या दारात फोन आणि स्मार्टवॉच काढून ठेवावे लागतात. तपासासाठी मागितला तर फोन द्यावाच लागतो. श्रीलंकेचा माजी कर्णधार सनथ जयसूर्यावर 2019 मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती तपासात सहकार्य न केल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल. एवढी ताकद आहे, पण ती चालते फक्त खेळाशी बांधलेल्या माणसांवर. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, संघमालक. ज्याने टेलरचा व्हिडिओ काढला, त्याच्यावर आयसीसी बंदी तरी कशाची घालणार?

तो माणूस सापडायचा तर फौजदारी कायदाच हवा. दक्षिण आफ्रिकेने 2004 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात क्रीडा सामन्यांसाठी वेगळं कलम घातलं. त्याखाली कसोटी खेळला नसला तरी आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला गुलाम बोदी 2019 मध्ये पाच वर्षांसाठी तुरुंगात गेला. श्रीलंकेने 2019 मध्ये थेट स्वतंत्र कायदाच केला, कमाल दहा वर्षं कैद. पैसे घेऊन खेळपट्टी हवी तशी बनवणारा क्युरेटरही त्यात येतो. हे कलम ज्याने सुचवलं, त्याला मैदानाची माहिती होती.

भारतात 2013 मध्ये क्रीडा-गैरव्यवहाराविरुद्ध मसुदा निघाला होता. पाच वर्षं कैद आणि दहा लाख किंवा नफ्याच्या पाचपट, यातलं जे जास्त तो दंड. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने 2016 मध्ये, विधी आयोगाने 2018 मध्ये फिक्सिंगला गुन्हा ठरवा असं सांगितलं. मसुदा कायदा झाला नाही. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, म्हणजे पुन्हा सट्ट्यालाच हात घातला गेला.

[पडद्यावर : भारतीय न्याय संहिता, कलम 112. बोट एकेका शब्दावरून सरकतं]

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या न्याय संहितेचं हे कलम 112, किरकोळ संघटित गुन्हेगारी. टोळीने केलेल्या कृत्यांची यादी आहे. चोरी. फसवणूक. तिकिटांची बेकायदा विक्री. बेकायदा सट्टा आणि जुगार. परीक्षेची प्रश्नपत्रिका विकणं. शेवटी ‘यासारखं इतर गुन्हेगारी कृत्य’. ठरवून टाकलेला नो-बॉल यासारखा आहे की नाही, ते कलमात लिहिलेलं नाही.