हसण्यावारी नेलेलं

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. आम्ही घरचे पाच-सहा जण टीव्हीसमोर बसून एक विनोदी मालिका पाहत होतो. सगळ्यांच्या आवडीची, पूर्वी दोनदा पाहून झालेली. त्यातल्या एका पात्राची नोकरी जाते आणि तो मित्रांसमोर जीव देण्यावरून एक वाक्य टाकतो. तीन सेकंदांचं वाक्य. टीव्हीतून हशा आला, आमच्या खोलीतही आला. मीही हसले. मग लक्षात आलं, की माझा मामेभाऊ उठून पाणी प्यायला गेलाय. त्याच्या जिवलग मित्राने वर्षभरापूर्वी आत्महत्या केली होती, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाग संपल्यावर तो परत येऊन बसला. कुणी काही बोललं नाही.

तो भाग आत्महत्येवर असता, तर तसं वर्णनात लिहिलेलं असतं, आणि आम्ही तो लावलाच नसता. पण तो भाग नोकरी जाण्यावर होता. आज मला त्या तीन सेकंदांबद्दल बोलायचं आहे.

विनोदी मालिका, ज्याला आपण सरसकट सिटकॉम म्हणतो, ती माणूस कधी पाहतो ते आठवा. आजारपणात, झोप येत नाही म्हणून, कुणी गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, एकट्याने जेवताना सोबतीला आवाज हवा म्हणून. तोच सोफा, तेच चार-पाच चेहरे, काहीही बिघडलं तरी पुढच्या भागात पुन्हा जागेवर. खुनाच्या तपासाची मालिका लावताना आपण मनाची थोडी तयारी करून बसतो. सिटकॉम लावताना आपण सैल झालेलो असतो. म्हणून तिथे लागलेलं जास्त लागतं.

या मालिकांना सुरुवातीपासून भीती होती ती शब्दांची. अमेरिकेत १९५२ साली ‘आय लव्ह ल्यूसी’ या मालिकेची नायिका ल्यूसिल बॉल खरोखरच गरोदर होती, आणि ते मालिकेत आणायचं ठरलं. पण पडद्यावर ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला बंदी होती, म्हणून ‘एक्स्पेक्टिंग’ म्हणायचं. त्या भागांच्या संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बी अशा तिघांकडून तपासून घेतल्या जात. लग्न झालेल्या बाईला दिवस गेलेत, एवढ्याच गोष्टीसाठी तीन धर्मगुरू. १९ जानेवारी १९५३ ला बाळाच्या जन्माचा भाग लागला, तेव्हा तो सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

त्याच दशकात, १९५५ साली, ‘द हनीमूनर्स’ सुरू झाली. त्यातला नवरा राल्फ हा बसड्रायव्हर. चिडला की मूठ आवळून बायकोला धमकी द्यायचा, एक दिवस असा ठोसा मारीन की थेट चंद्रावर जाशील. तो तिला कधीच मारत नाही आणि ॲलिसही त्याला मुळीच घाबरत नाही, हे खरं. तरी ती धमकी पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी प्रेक्षक खो खो हसतात. या संवादाला तेव्हा कुणाच्या मंजुरीची गरज पडली नाही. गरोदरपण जपून हाताळायची गोष्ट होती, ठोशाची धमकी हक्काच्या हशाची. ज्या घरात नवऱ्याची मूठ खरोखर खाली येत होती, त्या घरातली बाई हे बघताना काय करत असेल? बहुधा बाकीच्यांबरोबर हसत असेल. वेगळं काही केलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण विषय मोजत बसतो. बलात्कार आहे का, मृत्यू आहे का, नशा आहे का. पण प्रेक्षकाला एकटं पाडतो तो त्या विषयावर आलेला हशा. पाच जण हसतात आणि सहाव्याच्या घशात घास अडकतो, तेव्हा त्या सहाव्याला वाटतं, की आपल्यातच काहीतरी चुकीचं आहे.

विषय कितीही जड असला तरी हसू कुठे थांबवायचं याचं भान असेल, तर सिटकॉम तो पेलू शकतो. याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ‘मॅश’. कोरियाच्या युद्धातल्या एका फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. निर्मात्यांना त्यात रेकॉर्ड केलेलं हसू नको होतं, सीबीएस वाहिनीला हवं होतं. शेवटी तडजोड झाली, की ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांवर हसू लावायचं नाही. डॉक्टर तिथेही एकमेकांची फिरकी घेतात, विनोद भरपूर होतात, पण हसायचं की नाही हे पाहणाऱ्यावर सोडलेलं असतं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका जवळजवळ सगळीच त्या हशाशिवाय दाखवली.

मार्च १९७५ मध्ये तिच्या तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग लागला. सगळ्यांचा लाडका, थोडा गोंधळलेला कर्नल हेन्री ब्लेक याची घरी जायची ऑर्डर येते. निरोप होतो, मिठ्या होतात, चेष्टा होते. आणि शेवटच्या मिनिटाला रडार नावाचा पोरगेला कारकून तोंडाला मास्क न लावता ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन निरोप वाचतो. ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं आहे, कुणीही वाचलेलं नाही. बहुतेक नटांना हे पान चित्रीकरणाच्या अगदी आधी हातात मिळालं होतं. कुणी किंचाळत नाही. हात चालू राहतात, कारण समोर टेबलावर जखमी पडलेले आहेत. एक अवजार खाली पडल्याचा आवाज येतो. त्यानंतर वाहिनीकडे संतापलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला. लोक दुखावले होते आणि त्यांचं दुखावणं खोटं नव्हतं, सगळे पुढच्या भागात पुन्हा जागेवर असतील हा न बोललेला करार मोडला गेला होता. तरीही मी त्या भागाच्या बाजूने उभी राहीन. त्याने सगळ्यांना एकाच वेळी गप्प केलं. ज्याचं माणूस युद्धात गेलं होतं, तो त्या दिवशी खोलीत एकटा पडला नाही.

ऑक्टोबर १९७७ मधला ‘ऑल इन द फॅमिली’चा भागही मला असाच वाटतो. या मालिकेचा पहिला भाग १९७१ साली लागला, तेव्हा वाहिनीने आधी पडद्यावर सूचना लिहिली होती, की आपल्या उणिवा आणि पूर्वग्रह किती हास्यास्पद आहेत ते दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. १९७७ च्या त्या भागात घरातली भोळी एडिथ, तिचा पन्नासावा वाढदिवस, शेजारच्या घरात तिच्यासाठी गुपचूप मेजवानीची तयारी चाललेली, आणि पोलीस असल्याचं सांगून एक माणूस घरात शिरतो. त्याला तिच्यावर बलात्कार करायचा आहे. ओव्हनमध्ये केक जळतो, ती तो त्याच्या तोंडावर मारते आणि पळते. पण खरं मोल आहे ते त्यानंतरच्या अर्ध्या भागाला. एडिथ बाहेर पडायला तयार नाही, बोलायला तयार नाही, पोलिसांकडे जायला तयार नाही. तिची भीती थट्टेचा विषय होत नाही.

आता याच्या उलट. फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या मुलांच्या लाडक्या मालिकेने दोन भागांत लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय घेतला. मालिकेतले वडील, म्हणजे नट कॉनराड बेन, सुरुवातीला स्वतः प्रेक्षकांशी बोलले. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. गोष्ट एका सायकल दुकानदाराची. तो दोन मुलांना खाऊ देतो, मग वाइन देतो, मग नको ती चित्रं दाखवतो, त्यांचे फोटो काढतो. शोषण करणारा पायरी पायरीने मुलाचा विश्वास कसा मिळवतो, हे इतकं नेमकं त्या काळच्या टीव्हीवर क्वचितच आलं असेल. पण मुलांच्या तोंडी नेहमीचे चटपटीत संवाद तसेच राहिले, आणि त्या खोलीतल्या प्रसंगांवरही हशा ऐकू येतो. आज तो भाग बघताना अंगावर काटा येतो तो त्या हशाने. लहानपणी असं काही सोसलेला माणूस तिथे काय ऐकेल? त्याच्या आठवणीतली खोली, आणि बाहेर हसणारे लोक. इतकी चांगली सूचना आधी देऊनही तो हशा काढून टाकावा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, याची मला हळहळ वाटते.

आणि सूचना नेहमी दुखावणाऱ्या गोष्टीलाच लागते असंही नाही. १९७२ मध्ये ‘मॉड’ या मालिकेत सत्तेचाळीस वर्षांची नायिका विचार करून गर्भपाताचा निर्णय घेते. ते भाग पुढच्या वर्षी पुन्हा लागणार म्हटल्यावर अनेक स्थानिक केंद्रांनी ते दाखवायला नकार दिला. ३० एप्रिल १९९७ ला ‘एलन’ मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. पुढच्या पर्वात एबीसी वाहिनी तिच्या भागांआधी प्रौढ आशयाचा इशारा दाखवू लागली, आणि ती भूमिका करणारी एलन डीजेनरस त्यावर उघडपणे चिडली. तिचं चिडणं मला पूर्ण पटतं. इशारा जखमेसाठी असावा, माणसासाठी नसावा. ‘फ्रेंड्स’मध्ये मात्र एका पात्राचं पालक असलेली ट्रान्सजेंडर स्त्री वर्षानुवर्षं ‘बाप’ म्हणून थट्टेचा विषय होत राहिली आणि त्यावर कसलीच सूचना नव्हती. त्या मालिकेच्या सहनिर्मात्या मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये ही आपली चूक असल्याचं स्वतः सांगितलं.

जून २०२० मध्ये जुन्या मालिकांवर बराच काथ्याकूट झाला. ‘थर्टी रॉक’चे चार भाग तिच्या निर्मात्या आणि नायिका टीना फे यांच्याच विनंतीवरून काढले गेले, कारण त्यात गोऱ्या नटांनी चेहऱ्याला काळा रंग फासला होता. ब्रिटनमध्ये यूकेटीव्हीने ‘फॉल्टी टॉवर्स’चा १९७५ चा एक भाग त्यातल्या वंशद्वेषी शब्दांमुळे काढला आणि काही दिवसांतच सूचनेसह परत ठेवला. मालिकेचे नायक आणि सहलेखक जॉन क्लीज यांचं म्हणणं होतं, की ते शब्द उच्चारणाऱ्या म्हाताऱ्या मेजरचीच तिथे खिल्ली उडवलेली आहे. मला भाग काढून टाकणं आवडत नाही. काढलेल्या भागाबद्दल बोलताही येत नाही. सूचनेसह ठेवलेला बरा.

पण सूचना कसली? अमेरिकेत १९९७ पासून वयाची वर्गवारी आहे, टीव्ही-पीजी, टीव्ही-१४ वगैरे, आणि सोबत सूचक संवाद, शिवराळ भाषा, लैंगिकता आणि हिंसा यांची चार अक्षरं. माझा मामेभाऊ पाणी प्यायला उठला ते या चारपैकी कशातही बसत नाही. स्ट्रीमिंग सेवा आता कोपऱ्यात ‘आत्महत्या’, ‘लैंगिक हिंसा’ असे स्पष्ट शब्द लिहितात, ही मोठी सुधारणा आहे. पण ती ओळ बऱ्याचदा अख्ख्या मालिकेला लावलेली असते. दोनशे भागांतल्या कुठल्या भागात, कितव्या मिनिटाला, हे कळत नाही. मला हवं आहे ते एवढंच: भागाचं नाव, अंदाजे मिनिट, आणि ते गंभीरपणे येतं की विनोदात. हे शेवटचं क्वचितच कुणी लिहितं.

अशा इशाऱ्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणारं संशोधन २०२३ मध्ये आलं. त्यानुसार इशाऱ्याने त्रास कमी होत नाही, पाहण्याआधीची धाकधूक मात्र थोडी वाढते, आणि बहुतेक लोक इशारा वाचूनही पाहतातच. हे मी नाकारत नाही. पण घरात सूचनेचा उपयोग वेगळा असतो. कुणाबरोबर पाहायचं, आज पाहायचं की नंतर, आपलं माणूस बाजूला असताना कुठे बटण दाबायचं, हे ती वाचून ठरवता येतं.

ती मालिका आम्ही या वर्षी पुन्हा लावली. या वेळी तो भाग यायच्या आधी मी मामेभावाला म्हटलं, पुढच्या भागात साधारण मध्यावर ते वाक्य आहे, लावू की नको? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नको. पुढे काय होतं ते तू सांग.’ मी टीव्ही थांबवून सांगितलं. नोकरी जाते, मित्र त्याला घरी ठेवून घेतात, शेवटी नवी नोकरी लागते. सांगताना त्यातले दोन विनोदही मी सांगितले, आणि तो हसला.

नमस्कार.