कैगाचं पाणी आणि काणकोणचं ताट: हद्दीपलीकडचा धोका मोजायचा कसा?

नमस्कार. कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र गोव्यातल्या काणकोणच्या हद्दीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर आहे. काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाच्या जलाशयाला लागून २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. आज आपण अपघाताबद्दल बोलणार नाही. रोजच्या कामातून परवानगीने जे किरणोत्सारी पदार्थ सोडले जातात, त्यांचा गोव्यातल्या माणसाला किती डोस, म्हणजे किरणांची मात्रा, लागतो, हे काढायचं कसं, ते बघू.

घन कचरा केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या चरांत ठेवतात. बाहेर पडतं ते दोन वाटांनी: चिमणीतून हवा आणि पातळ केलेलं पाणी. कैगासारख्या, जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या भट्टीत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, तयार होतंच. ते पाण्याचाच भाग बनून जातं, त्यामुळे गाळून वेगळं होत नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं.

[पडद्यावर: सदाशिवगड ते गालजीबागचा नकाशा]

काळी नदी सदाशिवगडाजवळ समुद्राला मिळते. पुढे पाणी कुठे जातं, ते महिन्यावर ठरतं. पावसाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे गोव्यापासून लांब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो उलटतो आणि पाणी उत्तरेला, गोव्याकडे, माजाळी, पोळे, गालजीबागच्या बाजूला सरकतं. नेमकं तेव्हाच नदीला पाणी कमी, धरणातून सुटेल तेवढंच. म्हणून सोडलेल्या पदार्थाला वर्षभराच्या सरासरी प्रवाहाने भागलं, की उत्तर हमखास कमी येतं. हिशेब महिन्यामहिन्याचाच हवा. वाऱ्याचंही तसंच. पावसाळी वारा कैगाहून ईशान्येला, घाटाकडे जातो, तर हिवाळ्याच्या रात्री थंड हवा दरीतून समुद्राकडे उतरते.

आता ताटाकडे येऊ. माशाच्या अंगात भट्टीत तयार होणारं किरणोत्सारी सीझियम भोवतालच्या समुद्राच्या पाण्याच्या साधारण १०० पट साठतं, ट्रिटियम मात्र पाण्यात असेल तेवढंच. तिसऱ्या, कालवं असे शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्यात किरणोत्सारी कोबाल्ट हजारो पटींनी जमू शकतं. म्हणून नुसता बांगडा तपासून काम होत नाही.

[पडद्यावर: आकडेमोड]

समजा, माशात सीझियम-१३७ किलोला १ बेकरेल, म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन, इतकं सापडलं. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. रोज १०० ग्रॅम मासे म्हणजे वर्षाला ३६.५ किलो, म्हणजे ३६.५ बेकरेल. प्रौढ माणसासाठी दर बेकरेलला डोस ०.०१३ मायक्रोसीव्हर्ट (सीव्हर्ट हे डोसचं एकक). गुणाकार आला ०.४७ मायक्रोसीव्हर्ट. भारतात जनतेसाठीची मर्यादा वर्षाला १ मिलीसीव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसीव्हर्ट. मिली आणि मायक्रोची गल्लत झाली, तर उत्तर हजारपट चुकतं, आणि ही गल्लत फार वेळा होते.

पण १०० ग्रॅम कुणाचे? पोळेतल्या मासेमाराच्या घरी दोन वेळा मासे, वर तिसऱ्यांचं सुकं. हिशेब अशा घराचा करायचा, पणजीतल्या सरासरी माणसाचा नाही. लहान मुलांचा तर वेगळाच: आयोडीन-१३१ चा दर बेकरेलचा डोस वर्षाच्या बाळाला प्रौढाच्या जवळपास आठपट.

युरोपात युरॅटम या अणुऊर्जेवरच्या कराराच्या कलम ३७ नुसार असा कचरा सोडण्याच्या योजनेची माहिती युरोपीय आयोगाला द्यावी लागते, शेजारच्या देशाचं पाणी, माती, हवा दूषित होईल का हे ठरवायला. केंद्राजवळच्या माणसाचा डोस वर्षाला १० मायक्रोसीव्हर्टच्या खाली असेल, तर शेजारच्या देशासाठी वेगळे आकडे मागत नाहीत. अपवाद ठेवलाय तो फार महत्त्वाचा: अन्नाची निर्यात. इथे हद्द देशांची नाही, गोवा आणि कर्नाटक या दोन राज्यांची आहे, पण कारवारची मासळी मडगावच्या बाजारात पोचते. प्रवाह दक्षिणेला असला तरी टेम्पो उत्तरेला येतो. कारवारहून किती मासळी येते, कुठली, कुठल्या महिन्यात, हे बाजारात जाऊन नोंदवल्याशिवाय गोव्याचा हिशेब पुरा होणार नाही.

नमुना घेताना पाच किलो मासळी घ्या, फक्त खायचा भाग ठेवा, ११० अंशांवर वाळवा, मग राख करा. भट्टी ४५० अंशांच्या वर नेऊ नका, सीझियम उडून जातं आणि अहवाल खोटा चांगला दिसतो. राख जर्मेनियम डिटेक्टरवर, म्हणजे गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावर, रात्रभर ठेवायची आणि ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेवरचं सीझियम-१३७ चं शिखर बघायचं. सापडलेलं सगळं सीझियम कैगाचंच, असंही धरू नका. जुन्या अणुचाचण्यांचं सीझियम जगभरच्या मातीत आहे. म्हणून तोच मासा हद्दीपासून लांब, समजा पेडण्याच्या किनाऱ्यावर, त्याच आठवड्यात घ्या आणि फरक बघा.

अहवालात ‘मोजमर्यादेखाली’, म्हणजे यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी, असं लिहिलेलं दिसलं, तर त्या जागी शून्य भरू नका. मोजमर्यादेचाच आकडा भरून डोसची वरची कड, म्हणजे जास्तीत जास्त किती असू शकेल ते, काढा. ती १० मायक्रोसीव्हर्टच्या बरीच खाली आली, तर उत्तर पक्कं. वर गेली, तर तेवढ्यावरून धोका आहे असं म्हणता येत नाही. नमुना मोठा घ्या, जास्त वेळ मोजा आणि हिशेब पुन्हा करा.