नमनालाच घडाभर तेल

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाची याद्यांची बैठक गोडीत उरकते, देणंघेणं मिटतं, आणि ऐन मांडवात नवरदेवाच्या काकांना फेटा बांधायचा राहिला म्हणून सगळं अडून बसतं. अशाच एका मानपानाची हकीकत आज सांगणार आहे. फक्त इथे व्याही होते इंग्लंडचा राजा आणि चीनचा सम्राट.

साल १७९३. इंग्लंडला चहाचं वेड लागलेलं. त्याचे पैसे चांदीत मोजावे लागत आणि युरोपीय व्यापाऱ्यांना बंदर मोकळं होतं ते एकटं कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. आणखी बंदरं मिळावीत, राजधानी पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, आपला कायमचा वकील, म्हणजे राजदूत असावा, हे मागायला लॉर्ड मॅकार्टनी निघाला. माणूस मुरलेला. मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूशी १७८४ चा मंगळूरचा तह झाला तो त्याच्याच अमदानीत.

चीनमधल्या नदीतून त्याच्या नावा चालल्या, तेव्हा त्यांवर निशाणं फडकत होती. चिनी अक्षरांत लिहिलं होतं, 'इंग्लंडचा वकील खंडणी घेऊन येत आहे'. मॅकार्टनीला त्याचा अर्थ कळला, पण त्याने काणाडोळा केला. मला विचाराल तर बोलणी तिथेच सुरू झाली होती.

मग निघाला नमनाचा प्रश्न. सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकायचे आणि दर वेळी तीनदा कपाळ जमिनीला लावायचं, हा दरबारी रिवाज. सम्राट म्हणजे स्वर्गाचा पुत्र. कोरियाचे, अनामचे (आजच्या व्हिएतनामचे) वकील हे करतच आले होते. मॅकार्टनीच्या लेखी मात्र सगळे राजे बरोबरीचे. आपलं कपाळ टेकलं म्हणजे आपल्या राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं टेकलं! त्याने तोड सुचवली: माझ्या तोलामोलाच्या चिनी सरदाराने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे असंच नमन करावं, मग मीही करतो. दरबाराने ते साफ नाकारलं. बरं, ही सगळी घासाघीस चालायची दुभाष्यामार्फत. तो नेपल्सला शिकलेला चिनी पाद्री. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मॅकार्टनीला चिनी. त्यामुळे प्रत्येक वाक्य लॅटिन नाहीतर इटालियनच्या पुलावरून जायचं.

अखेर सम्राटाच्या उन्हाळी मुक्कामी, जेहोलच्या तंबूत, १४ सप्टेंबरला, मॅकार्टनीने एक गुडघा टेकला. निदान इंग्रजांच्या दप्तरी तशी नोंद आहे. सम्राट छिएनलाँगने त्याला 'रुयी' दिली, म्हणजे नक्षीदार दगडी राजदंड, शांती आणि भरभराटीची खूण. मॅकार्टनीने रोजनिशीत लिहिलं की वस्तू काही फार मोलाची दिसत नाही. तिकडे त्याने आणलेल्या दुर्बिणी आणि ग्रहमालेचं यंत्र बघून सम्राटाने जॉर्जला कळवलं, असल्या नवलाईच्या चिजांची आम्हाला मातब्बरी नाही. आहेर दोन्हीकडून फुकट गेला.

मागण्यांचं काय झालं? एकही मान्य झाली नाही. नमनापायी बोलणी फिसकटली असं मात्र मला वाटत नाही. नमन कसं करायचं यातच व्यापार कुणाच्या अटींवर चालायचा हे ठरत होतं, आणि ते दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी मॅकार्टनीबरोबर बारा वर्षांचा एक मुलगा होता, उपवकिलाचा पोरगा, जॉर्ज स्टाँटन. प्रवासात तो चिनी शिकला होता. चार शब्द बोलला, तशी म्हाताऱ्या सम्राटाने खूश होऊन कमरेचा पिवळा बटवा सोडून त्याच्या हातात दिला.

१८१६ मध्ये लॉर्ड अ‍ॅमहर्स्टची वकिलात गेली, तेव्हा हाच स्टाँटन सल्लागार होता. नमन करू नका, असा त्याने सल्ला दिला; त्या वकिलातीला भेटीविनाच परतावं लागलं. पुढे १८४० साली इंग्लंडच्या संसदेत चीनने इंग्रजांचा अफूचा व्यापार रोखल्यावरून पेटलेल्या अफूच्या लढाईची चर्चा झाली. चीन जवळून पाहिलेला, चिनी जाणणारा खासदार म्हणून स्टाँटन बोलायला उभा राहिला, आणि त्याने लढाईच्या बाजूने भाषण केलं.