पाइक्स पीक: पाऊण सेकंदही नाही

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. त्याच्या शिखरापर्यंत 1916 सालापासून गाड्यांची शर्यत होते. अंतर सुमारे 20 किलोमीटर, वळणं 156. सुरुवात 2,862 मीटर उंचीवर, शेवट 4,302 मीटरवर. सराव पहाटे, रस्त्याचे तुकडे पाडून होतो. अख्खा घाट सलग चढायला मिळतो तो शर्यतीच्या दिवशी, आणि तोही एकदाच. एकदाच!

खरी अडचण हवेची. माथ्यावर ती इतकी विरळ की टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंप, नसलेलं इंजिन समुद्रसपाटीवरची तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद गमावतं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी, पेट्रोल जास्त असं होतं, इंजिन काळा धूर ओकतं. म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, लहान लावतात. विरळ हवा गाडीला खाली दाबतही कमी, म्हणून गाडीवर ते अवाढव्य पंख.

आता 1987 सालाकडे या. रस्ता तेव्हा मुरमाचा, कडेला कठडा नाही. जर्मनीच्या वॉल्टर रोर्लने ऑडी क्वाट्रोमधून 10 मिनिटं 47.85 सेकंदांत माथा गाठला. मागे पडलेल्यांत फिनलंडचा आरी वातानेन होता. दोनच वर्षांपूर्वी अर्जेंटिनातल्या मोटार रॅलीत तो मरता मरता वाचला होता. 1988 मध्ये तो प्यूजो 405 घेऊन परत आला. चारही चाकांना ताकद, आणि वळायचीही चारही चाकं! मुरमावर गाडी वळणाआधीच आडवी घालायची, घसरू द्यायची आणि ॲक्सिलरेटर दाबून नाक वरच्या रस्त्याकडे आणायचं. पाय उचलला की मागची बाजू दरीकडे जाते. त्या मोहिमेच्या चित्रीकरणात एक क्षण आहे: समोरून ऊन थेट डोळ्यांवर येतं. वातानेन एक हात स्टीअरिंगवरून काढून कपाळावर धरतो, उरलेल्या एका हाताने गाडी हाकतो, आणि वेग सोडत नाही! त्याची वेळ 10 मिनिटं 47.22 सेकंद. फरक 0.63 सेकंदांचा. वीस किलोमीटर, 156 वळणं, आणि फरक पाऊण सेकंदही नाही.

पुढे मुरूम वाहून ओढ्यांत जातो म्हणून रस्ता डांबरी झाला. 2012 पासून शर्यत पूर्ण डांबरावर होते. ओढे वाचले हे चांगलंच, पण आडव्या गाडीची ती कला गेली, आणि डांबरावरचा विक्रम मुरमावरच्या विक्रमाशेजारी मांडूच नये. 2018 मध्ये रोमां द्यूमाने फोक्सवागनची विजेवरची गाडी 7 मिनिटं 57.148 सेकंदांत वर नेली. विजेच्या मोटरला हवा लागत नाही. पायथ्याशी जी ताकद, तीच शेवटच्या वळणावर.